आवडीची बैठक

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिन लावायला, असं रेल्वे सांगते. रेल्वेला काय, काहीतरी सांगावंच लागतं. पेरणे कुटुंबाच्या घरात खरं कारण तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. दत्ताआप्पांची आई, थोरली आवडी, करवंदांची पाटी घेऊन फलाटावर उभी असताना एक गाडी तिच्यासमोरून न थांबता चालली. थोरलीने हाक मारली. ती हाक अशी होती की इंजिनाने वाफ गिळली, गाडी उलटी चालत फलाटाला लागली आणि ड्रायव्हरने खाली उतरून मुकाट्याने करवंदं घेतली. तेव्हापासून कर्जत सोडून पुढे जायची गाड्यांची छाती होत नाही. मागून ढकलावं लागतं.

या थोरलीचं नाव आप्पांच्या थोरल्या मुलाच्या, निलेशच्या मुलीला ठेवलं, तेव्हा आप्पांना वाटलं होतं की नावाबरोबर आवाजही येईल. आवाज आला, शब्द मात्र वाटेत कुठेतरी रेंगाळले. आवडी जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही पोर शिकेल सगळं, पण आपल्या चालीने. आता ती नऊ वर्षांची होती, गावच्या शाळेत तिसरीत बसत होती, आणि तिची चाल आप्पांच्या बैलालाही लाजवेल अशी होती. घाई नाही, पण एकदा निघाली की थांबणंही नाही.

शाळेचा निरोप आला तेव्हा निलेशची बायको वनिता भाकऱ्या थापत होती. हात पिठात, म्हणून फोन चुलीशेजारच्या फळीवर ठेवून तिने तो स्पीकरवर लावला, आणि तिथेच घोटाळा झाला.

“वनिता, नफिसा बाई बोलतेय,” फोन म्हणाला. “मंगळवारी आवडीची बैठक ठेवली आहे. ऋजुता बाई पण असतील. परवाचा प्रकार तुला माहीतच आहे. आवडीचं पुढे काय करायचं ते ठरवून टाकू. मागच्या वेळी तू हो म्हणून गेलीस आणि घरी गेल्यावर त्याचं नाही झालं. म्हणून घरात जे जे ठरवतात त्यांना सगळ्यांना घेऊन ये.”

ओटीवर आप्पांचा अडकित्ता थांबला.

परवाचा प्रकार असा, की आवडी ऋजुता बाईंना चावली होती. आधी कुणाला ओरबाडून झालं होतं, कुणाचा डबा उलथून झाला होता, पण ते पोरापोरांत मिटलं. हा घास थेट बाईंच्या हाताचा. ऋजुता बाई विशेष शिक्षिका. मुलुंडहून यायच्या, तालुक्यातल्या शाळाशाळांतून आवडीसारख्या मुलांना शिकवायच्या. आता वर्गात बसवणं जमणार नसेल तर घरीच शिक्षण, म्हणजे पोर घरात आणि आठवड्यातून एकदा बाई दारात, असं बोललं जात होतं.

वनिताला ते नको होतं. शाळा सुरू झाल्यापासून आवडी दप्तर स्वतः उचलायची. रविवारीसुद्धा ते पाठीवर लावून उंबऱ्यावर बसून राहायची. त्या पोरीला कायमचं उंबऱ्याच्या आत ठेवायचं, हे वनिताच्या मनाला पटत नव्हतं. पण या घरात तिच्या मनाला कुणी विचारायचं ठरवलं, तर आधी रांगेतल्या बाकीच्यांची मनं संपायला हवी होती.

“बैठक हाय म्हनं,” आप्पा आत येऊन म्हणाले.

“शाळंची हाय, आप्पा. मी नि हे जाऊन येतो.”

“तुमी दोघं? बैठकीला? अगं, दोन घरची मानसं समोरासमोर बसनार, पोरीचं पुढलं ठरनार. पोर लग्नाची असो नायतर शाळंची, बैठक ती बैठक. पेरण्यांच्या पोरीच्या बैठकीला दोनच मानसं गेली असं लोकांनी म्हनायचं?” त्यांनी आवडीकडे वळून पाहिलं. ती ताटासमोर बसली होती. “काय गं आवडे, भाकरीला हाय का आनखी पोटात जागा?”

“हाय,” आवडी म्हणाली, आणि ताट पुढे केलं.

“बघ. तिला पन पटलं.”

मंगळवारी सकाळी निलेशचा टेंपो दारात उभा राहिला. निलेशचा धंदा लग्नाच्या मांडवाचा. आदल्या दिवशीचं चौक गावचं लग्न उरकून सामान अजून उतरवायचं होतं, त्यामुळे टेंपोच्या दर्शनी भागावर थर्माकोलचे दोन मोर आणि ‘शुभविवाह’ तसंच होतं. लोधिवलीहून आप्पांची मुलगी नंदा वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली होती. शेलूच्या नव्या कॉलनीतून धाकटा मनोज आला होता. तो सातव्या मजल्यावर राहायचा, आणि तेव्हापासून त्याला सगळ्यांच्या भल्याचं जरा वरूनच दिसायला लागलं होतं.

“मी सगळं बघून ठेवलंय, वहिनी,” तो म्हणाला. “पुण्याच्या बाजूला निवासी शाळा आहे. तिथं अशाच मुलांना ठेवतात. राहायचं, जेवायचं, घोड्यावर बसायचं, सगळं.”

“तिला घोड्यावर कशाला बसवतो रं?” आप्पा गरजले. “घरात मी मेलोय का? पोर घरीच ऱ्हाईल. घरात तिचं समद्यांना समजतंय. शाळा आनि पुनं, दोनी नको.”

“मनोजचं पन बरोबर हाय, आप्पा,” नंदा टेंपोत चढता चढता म्हणाली. ती लोधिवलीहून मनोजच्या गाडीतून आली होती, आणि निदान परतीचा प्रवास होईपर्यंत तिला त्याचं बरोबर वाटणं भाग होतं.

“दादा, तुझं काय मत?” मनोजने निलेशला विचारलं.

“बघू,” निलेश म्हणाला आणि गिअर टाकला. लग्न ठरताना वनिताबद्दल विचारलं होतं तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

वनिता पुढच्या सीटवर आवडीला मांडीवर घेऊन बसली. मागे आप्पा एक बोलणं मनोजच्या पुण्याला, एक नंदाच्या लोधिवलीला असं पाळीपाळीने सुनावत होते. शाळेच्या बाजूने बोलणारं कुणीच नव्हतं. तिने मनातल्या मनात काय काय बोलायचं ते जुळवलं आणि पहिल्याच खड्ड्याला ते सगळं सांडलं.

शाळेत ऋजुता बाईंनी एका रिकाम्या वर्गात पोरांच्या बुटक्या खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. उजव्या हाताला पट्टी होती. त्यांनी डाव्या हाताने नमस्कारासारखं काहीतरी केलं. मुख्याध्यापिका नफिसा बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टेंपोवरचे मोर पाहिले, नंदाच्या हातातला नारळ पाहिला आणि पदराने तोंड पुसण्याच्या निमित्ताने हसू पुसलं.

“मी ठरवणाऱ्यांना बोलवलं होतं,” त्या म्हणाल्या.

“आमच्यात समदेच ठरवत्यात,” नंदा म्हणाली.

आप्पांनी गोल पाहिला आणि ते दारातच थांबले. “हे काय? बैठकीत अशी सरमिसळ नसती, बाई. एक बाजू तुमची, एक आमची. मधी सुपारीचं ताट. कोन कुनाकडचा ते कळाय नको?”

“आजोबा, मुद्दामच गोल केलंय,” ऋजुता बाई म्हणाल्या. “दोन बाजू नकोत म्हणून.”

“मंग भांडायचं कुनाशी?”

खुर्च्यांनी त्यांचा आणखी एक अपमान केला. आप्पांचं शरीर तरण्यापणी ओढ्यात आडवं टाकून बंधारा करावा असं होतं, आणि वयाने त्यात भरच घातली होती. पहिली खुर्ची त्यांच्याखाली अशी कुरकुरली, की निलेश न बोलता उठला, टेंपोत गेला आणि नवरदेवाची लाल मखमलीची सिंहासनाची खुर्ची घेऊन आला. तिच्या पाठीला प्लास्टिकची पांढरी फुलं लोंबत होती. आप्पा तीत बसले. बाकीचे पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. गोल गोलच राहिला, पण त्याला आता एक डोकं आलं. आवडी खाली बसून सिंहासनाची फुलं एकेक करून तोडू लागली.

“विहीण तरनीच हाय,” नंदा वनिताच्या कानात ऋजुता बाईंकडे बघत म्हणाली. कानात म्हणजे पेरण्यांच्या हिशेबाने. ते ऐकून ऋजुता बाई लाल झाल्या.

“आधी माझं ऐकून घ्या,” त्या म्हणाल्या. “मला आवडीचा राग नाही. मी जूनमध्ये आले तेव्हा या शाळेत मला सगळ्यात पहिला जीव लावला तो तिने. इतकी गोड आहे. कुणीही समोर आलं की हाय करते. मी वर्गालाही सांगितलं की आवडी हाय म्हणाली की सगळ्यांनी हात हलवून हाय म्हणायचं. आता सगळी तिसरी करते. पण प्रश्न विचारला की उत्तर नाही. काहीच नाही. मग एकदम चिडते, कशावरून ते कळत नाही. त्या दिवशीही तसंच झालं.”

“काय झालं ते नीट सांगा की,” आप्पा म्हणाले.

“मधल्या सुट्टीच्या आधीची वेळ. ती जागेवर चुळबुळ करत होती. मी विचारलं, आवडी, बाथरूमला जायचंय का? ती म्हणाली, हाय. मी पण हाय केलं. मुलांनी पण केलं. ती परत म्हणाली, हाय. आम्ही परत केलं. मला वाटलं खूश आहे. मग तिने माझा हलवलेला हात धरला आणि…” त्यांनी पट्टी वर केली.

वनिताच्या डोक्यात काहीतरी सरकलं आणि जागेवर बसलं.

“बाई,” ती म्हणाली, “ती हाय म्हनत नव्हती. ती हाय म्हनत होती.”

“वहिनी, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला तरी कळतंय का?” मनोज म्हणाला.

“हाय, बाई. हाय. म्हंजे आहे. तुमी इचारलं जायचंय का, ती म्हनली हाय. तिला लागली होती.”

ऋजुता बाईंचा हात तसाच हवेत राहिला. नफिसा बाईंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. भांड्यावरचं झाकण वाफेने उडावं तसा.

“या अल्ला,” त्या म्हणाल्या. “माझ्या माहेरी सगळं घर हाय-नायच करतं. आणि मी रोज त्या दारातून जाताना हात हलवून जात होते.”

“अगं बाय माझ्या,” नंदाने नारळ मांडीवर आपटला. “पोर म्हनतीय तहान हाय, तर समदा वर्ग हात हालवतोय. भूक हाय, तरी हात हालवतोय. लागली हाय म्हनून सांगतीय, तरी यांचं आपलं टाटाच चाललंय. मी तर पहिल्याच दिवशी चावली असती.”

हसू आधी नंदाला फुटलं, मग मनोजला, मग निलेशला. तो आवाज न करता हसायचा, फक्त खुर्ची हलायची. नफिसा बाई डोळे पुसत होत्या. ऋजुता बाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. त्या उठून आवडीसमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “आवडी, सॉरी. पाणी हवंय?”

आवडीने मान फिरवली. तिला फुलं तोडायची होती.

वनिताला वाटलं, झालं, मिटलं. पण आप्पा सिंहासनात सरसावून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा भाव होता.

“आता मी सांगतो,” ते म्हणाले. “एक शब्द बोलती पोर. एक. तो पन शाळंला इतक्या महिन्यांत कळला नाय. मंग शाळंत ठेवून करायचं काय? घरात बघा. घरात तिचं बोट हाललं तरी आमाला कळतंय. पोर आमची घरी ऱ्हाईल. घाला सुपारी फोडून.”

“आप्पांचं बरोबर हाय,” नंदा म्हणाली. परतीची गाडी ती बहुतेक विसरली होती.

“घरी कळतं तर मग पुण्याला तरी कशाला,” मनोज पुटपुटला. सातवा मजला उतरून तोही खाली आला.

वनिताने निलेशकडे पाहिलं. निलेशने वर छताकडे पाहिलं. जे खरं बोलून तिने पोरीला सोडवायला बघितलं होतं, त्याच खऱ्याचा दोर करून आप्पा तिला घरी बांधायला निघाले होते.

“आजोबा,” ऋजुता बाई खालूनच म्हणाल्या, “ती घरी हातांनी काही सांगते का? मी तिला थोड्या खुणा शिकवल्यात.”

“सांगती म्हंजे? अवो, मी गायला लागलो की काय करती ती बघाच.”

आप्पांचं गाणं हे एक प्रकरणच होतं. तरणे असताना गणपतीत बाल्यानाचाला त्यांचाच आवाज लागायचा. घरातले सांगतात, की त्यांनी खालापूरच्या मांडवात वरचा सूर धरला तेव्हा माथेरानच्या माकडांनी एकमेकांचे कान झाकले होते. आता नाच राहिला नव्हता, सूर कधीच सोडून गेला होता, पण आप्पांनी गाणं सोडलं नव्हतं. रोज संध्याकाळी ओटीवर बैठक जमायची. ऐकायला एकटी आवडी. बाकीच्यांना त्याच वेळी बरोबर कामं आठवायची.

“समद्या घरात मला दाद देनारी ही एकटी,” आप्पा म्हणाले. “बगा आता.” आणि त्यांनी डोळे मिटून, हात कानाला लावून, गणाची पहिली ओळ उचलली. शेजारच्या वर्गातला पाढा मध्येच थांबला.

आवडीने फुलं खाली ठेवली. दोन्ही हात वर केले, तळवे आजोबांकडे करून ते जोरजोरात हलवले.

“बगा,” आप्पा डोळा किलकिला करून म्हणाले, आणि आणखी वर चढले. आवडीने हात आणखी जोरात हलवले. तिच्या कपाळाला आठी पडली. आप्पा आणखी वर. आता ती उभी राहून हलवत होती.

ऋजुता बाईंनी ओठ दाबून धरले होते. वनिताने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, की काहीतरी येतंय आणि ते आता अडवता येणार नाही.

“बाई,” ती म्हणाली, “त्या खुणेचा अर्थ काय हो?”

“राहू दे, वनिताताई.”

“सांगा की,” आप्पा गाणं थांबवून म्हणाले. “वाहवा ना?”

“आजोबा,” ऋजुता बाई अगदी हळू म्हणाल्या, “ती ‘पुरे’ची खूण आहे. बास, आता थांबा, असं.”

नंदाने पदराचा बोळा तोंडात घातला. मनोज खिडकीबाहेर बघू लागला. त्याचे खांदे काही खिडकीबाहेर बघत नव्हते. आवडीने हात खाली घेतले, समाधानाने उसासा टाकला आणि फुलांकडे वळली. कितीतरी महिन्यांनी तिचं काम झालं होतं.

आप्पांचा आधी रंग गेला, मग आवाज, मग चेहऱ्यावर वय आलं. रोज संध्याकाळी. एकटीच. ते उठले.

“चला,” ते म्हणाले. “निलेश, खुर्ची घे.”

घरचं मोठं माणूस उठलं की बैठक मोडते. तिथे मग सुपारी फुटत नाही, चहा पीत नाहीत, आणि परत बोलणी लावायला एखादं वर्ष जातं. नंदा उठली. मनोज उठला. निलेशने खुर्चीचे हात धरले. वनिता मात्र बसूनच राहिली. या घरात आल्यापासून ती आप्पांशी कधी नजर वर करून बोलली नव्हती, आणि आता नाही बोलली तर आवडीच्या पाठीवरचं दप्तर उद्यापासून खुंटीला लागणार होतं.

“आप्पा,” ती म्हणाली, “एक इचारते. तुमाला पुरे म्हनायची आजवर कुनाची छाती झाली?”

आप्पा वळले.

“सासूबाई गेल्या, जलमभर त्यांनी कापूस घातला कानात, पन म्हनल्या नाय. ह्यांची नाय झाली. नंदाताई माहेराला येत्या नि तुमी सूर लावला की मागल्या दारानं शेजारी जात्या. मनोजभावजी तर शेलूला जाऊन ऱ्हायले.”

“वहिनी, त्याला दुसरी पण कारणं…” मनोज म्हणाला. नंदाने त्याला कोपराने ढोसलं.

“समद्या घरात तुमच्या तोंडावर पुरे म्हनली ती ही एकटी. आनि रोज म्हनली, तुमी ऐकलं नाय तरी म्हनली. घरात कोन शिकवनार हुतं तिला हे? ती शाळंत शिकली, आप्पा. तिला हितनं काढू नका.”

निलेश खुर्चीचे हात धरून वाकलेला होता. तसाच वाकलेल्या अवस्थेत, लग्नापासून पहिल्यांदा कुणी न विचारता, तो बोलला.

“वनिता म्हनते ते खरं हाय.”

आप्पांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मग खाली, फुलांत बसलेल्या नातीकडे. त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते परत सिंहासनात बसले आणि असे हसले, की शेजारच्या वर्गाचा पाढा दुसऱ्यांदा थांबला.

“माज्या आयशीनं गाडी थांबवली,” ते डोळे पुसत म्हणाले. “हिनं मला थांबवलं. गाडी सोपी हुती. बसा रं, बसा. सुपारी काढ नंदे. बैठक हाय तर देनंघेनं बोलून घ्या, मागनं कुरबूर नको. बोला बाई, तुमी काय देनार?”

नफिसा बाईंनी आता मांडीवर हात ठेवून अस्सल मध्यस्थाचा आव आणला होता. “आधी मुलीकडच्यांनी बोलायचं.”

“तिचं बोलनं देतो,” वनिता म्हणाली. “घरात नवं काय बोलली, काय केलं, ते मी येऊन सांगीन. हाय म्हंजे काय, मान फिरवली म्हंजे काय. लोटा वाजवला म्हंजे आंघोळीला नको, ते पन.”

“आणि मी माझ्या खुणा देते,” ऋजुता बाई म्हणाल्या. “पण घेणारे सगळे हवेत. एकट्या वनिताताई शिकून उपयोग नाही. आजोबांना दोन खुणा येत असत्या, तर…”

“माजी काळजी करू नका. पयल्या रांगेत बसीन.”

“मी बाईंच्या हातांचे व्हिडिओ काढतो,” मनोज म्हणाला. “घरच्या ग्रुपवर टाकू.”

“टाक बाबा,” नंदा म्हणाली. “गुलाबाच्या फुलांखेरीज कायतरी येऊ दे त्या ग्रुपवर.”

ऋजुता बाई मात्र एवढ्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. “हाय कळलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. घंटा झाली की ती कान दाबून किंचाळते. मागे डबा उलथला तो तेव्हाच. ते मला अजून सुटलेलं नाही.”

“सांगून वाजवा,” निलेश म्हणाला. आज त्याला बोलायची चटक लागली होती. “घरी कुकरची शिटी व्हायच्या आदी मी तिला सांगतो, येतीय बरं. मंग ती कान धरून हसत बसती. मांडवात फटाक्यांचं पन तसंच.”

ऋजुता बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा छताकडे बघू लागला. “हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.”

“तुमी इचारलं नाय,” नंदा म्हणाली, “नि ह्याला इचारलं असतं तर म्हनला असता, बघू.”

नंदाने नारळ मुख्याध्यापिकांच्या हातात दिला, सुपारी फुटली, शेंगांची पिशवी ऋजुता बाईंच्या मांडीवर गेली. नफिसा बाई म्हणाल्या, “मग घरी शिक्षणाचं मी काही कुणाला कळवत नाही. आवडी तिसरीतच बसेल.” वनिताने मान खाली घातली. तिला काही दिसेनासं झालं होतं, आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

“थांबा,” आप्पा म्हणाले. “पोरीला इचारलं का कुनी? बैठकीत शेवटाला पोरीला बोलवून इचारत्यात, पसंत हाय का म्हनून. आवडे…”

सिंहासनाखाली नुसती फुलं होती.

सगळे एकदम बाहेर आले. शेजारच्या वर्गाचं दार उघडं होतं, आणि त्या दारात पेरण्यांचं घर दाटीवाटीने उभं राहिलं. आप्पा, नंदा, फोन वर धरून मनोज, छातीशी सिंहासन कवटाळून निलेश, आणि सगळ्यांच्या काखेखालून वनिता. आत सगळी तिसरी तोंड उघडं टाकून दाराकडे बघत होती. शिकवणाऱ्या गुरुजींचा खडू फळ्यावर अर्ध्या आकड्यात अडकला होता.

आवडी तिच्या जागेवर बसली होती. शेजारी बसणाऱ्या चिंधीला तिने ढुंगणाने पलीकडे सरकवून जागा केली होती. दाराकडे सगळे का बघतायत म्हणून तिनेही बघितलं, आणि तिच्या कपाळाला तीच ती आठी पडली.

ती उठली. आपल्या चालीने दाराकडे आली. वनिताला वाटलं, आता ही हात धरणार, घरी चल म्हणणार, आणि एवढं सगळं बोलून झालेलं वाया जाणार. आवडीने एकेकाकडे पाहिलं. आजोबांच्या पोटावर तळहात ठेवून त्यांना उंबऱ्याबाहेर मागे सारलं, त्यांच्यामागे सगळ्यांनाच. मग दाराची एक फळी ओढली. दुसरी जरा अडत होती, तिला खांदा लावला. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर पाढा पुन्हा सुरू झाला.

आप्पा बंद दाराकडे बघत उभे राहिले.

“नांदंल पोरगी,” ते म्हणाले.